कूलरच्या वायरवर एसी

आज सक्करदऱ्यात एसीची लाइन जोडायला गेलो. जिच्यावर माझा जीव आहे, तिच्याच खोलीत.

पॉइंट जुन्या कूलरचा, वायर दीड एमएमची. तिच्या बाबांना म्हटलं, "काका, एसीले चारची वायर लागते. ही तापून जळन."

"कूलर चालला ना यावरच? कॉलेज अर्धं सोडून मले शिकवून राहिला का बे?"

डोकं फिरलं. पक्कड आपटली, वाट्टेल ते बोललो आणि निघून आलो.

आत्ता कळलं, त्यांनी दुसऱ्याकडून त्याच वायरवर एसी जोडून घेतला. ते माझा फोन उचलत नाहीत. तिनं तर मला कधीच ब्लॉक केलंय.

तिच्या ओळखीचं कोणी या ग्रुपवर असेल, तर एसी लावू नको म्हणून तिला सांगाल का? फक्त माझं नाव घेऊ नका. नाहीतर मुद्दाम लावेल.