मांडवातलं मडकं

आधीच सांगून टाकते — भूतखेत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. घरात कुणाला ताप आला तर दृष्ट काढण्याआधी थर्मामीटर शोधणारी बाई आहे मी. दवनीवाड्यात आमची भाताची शेती आणि बियाण्यांचं दुकान. दुकानाचा स्टॉक, घरातली औषधं, डाळींचे डबे — सगळ्याला माझ्या हातची चिठ्ठी लावलेली असते. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं, त्याला कुठली चिठ्ठी लावावी ते कळलेलं नाही... म्हणून इथे लिहितेय.

माझ्या पल्लवीचं लग्न झालं आणि ती दोघं हनिमूनला थेट आफ्रिकेत निघाली. नामिबियात, आडरानातल्या एका सफारी लॉजवर.

"जंगल पाहाले इतक्या दूर?" माझ्या मोठ्या जाऊबाई नीलेशला, आमच्या जावयाला, म्हणाल्या. "आमच्या चिचगडचं जंगल बंद पडलं का जी?"

नीलेश हसला. मी मात्र पाठवणीआधी पल्लवीची बॅग भरत होते. ओआरएस, टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, सगळं.

आमच्या घरात एक रीत आहे. लग्नातलं मातीचं मडकं पाण्याने भरून, त्यात हळद आणि अक्षता घालून मांडवाच्या खांबाशी ठेवायचं. लेक पहिल्यांदा माहेरी येईपर्यंत ते काठोकाठ भरलेलं ठेवणं हे आईचं काम. ती आली की तिच्याच हाताने ते रिकामं करायचं. एरवी दोन-तीन दिवसांचा मामला. पण विमानाच्या तारखेमुळे पल्लवीची पहिली खेप सहलीनंतर ठरली. त्यामुळे मांडवाची जांभळाची पानं वाळून कुरकुरीत झाली, तरी मांडव उभा आणि मडकं जागेवर. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे. तुळशीला घालते तसंच, मनात काही न आणता.

एका सकाळी नागपूरच्या ट्रॅव्हल एजंटचा फोन आला.

"मॅडम, कल शाम की सफारी से गाडी वापस नहीं आयी. सर्च चालू है. आप टेन्शन मत लो."

गाडीत तिघं होती. पल्लवी, नीलेश आणि ड्रायव्हर. रेडिओला उत्तर नव्हतं. आणि पाण्याचा मोठा खोका गाडीत चढवायचा राहून गेला होता. एकच कॅन सोबत होती. बॅग? बॅग खोलीतच होती, मी दिलेल्या सगळ्या वस्तूंसकट.

आमचे हे फोनवर फोन लावत बसले. एजंट, लॉज, दूतावास... मी पासपोर्टच्या प्रती काढल्या, नंबर लिहून दिले, आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. हात रिकामे. मी अंगणात आले.

मडकं रिकामं होतं.

सकाळीच भरलं होतं मी. तडकलं असेल म्हणून उचलून पाहिलं. चीर नाही, ओल नाही. खालची जमीन कोरडी. पुन्हा भरलं, खाली स्टीलची परात ठेवली आणि समोर बसले. माझ्या डोळ्यांदेखत पाणी खाली खाली जात गेलं. एकदम नाही, कुणीतरी घोट घोट घेतल्यासारखं. परातीत थेंब नाही. तळाला फक्त हळदीचा गाळ आणि तांदळाचे दाणे.

का ते विचारू नका, पण मी उठले आणि विहिरीवर गेले. ओतत राहिले. किती घागरी झाल्या ठाऊक नाही. दुकानातलं पाकीट न् पाकीट मोजणारी मी, मला मोजता आलं नाही. एवढंच कळत होतं की ते रिकामं पडू द्यायचं नाही.

"काऊन वो, येडी झाली का तू?" जाऊबाईंनी माझा दंड धरला. "मडक्यात पानी ओतून पोरगी सापडते का? कायले जीव काढून राहिली? चाल घरात."

त्या रडत होत्या. मला ओढत आत नेलं, चहा पाजला, पदराने तोंड पुसलं. मी कपाकडे बघत बसले होते आणि अचानक घशाला इतकी कोरड पडली की चहा गिळवेना. मी कप टाकून बाहेर धावले. मडकं ठणठणीत कोरडं. विहिरीपर्यंत जायलाही धीर नव्हता, जाऊबाईंचा पिण्याच्या पाण्याचा माठच उचलून त्यात उपडा केला. मग त्या स्वतःच घागर घेऊन विहिरीकडे गेल्या.

उन्हं कलली तेव्हा पाणी काठाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी वाट पाहिली. हललं नाही. तेवढ्यात घरातून यांची हाक आली — "सापडले! तिघंही सापडले!"

रात्री पल्लवीचा आवाज ऐकला. मडक्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

"गाडी कोरड्या नदीच्या लाल वाळूत रुतली गं आई. समोरच्या झाडाखाली सिंह बसलेले. उतरायची सोय नाही. आणि ती कॅन... ती संपतच नव्हती. पाण्याला आपल्या हळदीचा वास येत होता."

"उन्हाने डोकं फिरलं असेल तुझं," मी म्हटलं.

"मधे एकदा संपली. नीलेशने उलटी करून झटकली, थेंब नाही. ड्रायव्हर पायी जातो म्हणाला, त्या सिंहांसमोरून... मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. मग थोड्या वेळाने कॅन पुन्हा जड लागली."

माझ्या हातातून फोन यांनी घेतला.

नीलेश म्हणतो, कॅनला आत दुसरा कप्पा असेल. असेल. माझ्यासारखाच आहे तो, मला आवडतो.

पल्लवी घरी आली तेव्हा रीतीप्रमाणे तिने मांडवाशी मडकं उपडं केलं. आधी स्वच्छ पाणी आलं. शेवटी ओंजळभर लाल वाळू. वैनगंगेची वाळू आम्ही जन्मभर पाहतोय, ती अशी नसते. मडकं सावलीत होतं, पाणी गार होतं... पण ती वाळू हातात घेतली तर भर उन्हात तापल्यासारखी गरम.

जाऊबाईंनी हात जोडले. मी ती वाळू काचेच्या बरणीत भरून फळीवर ठेवली, हळद आणि धण्याच्या मधे. चिठ्ठीही चिकटवली आहे. कोरीच आहे अजून.