कंपनीचं सेटिंग

"कंपनीचं सेटिंग सगळ्यांसाठी असतं. आपल्यासाठी नसतं."

हे वाक्य म्हणत काका कुठलीही नवी वस्तू आधी कानाशी नेऊन हलवायचे. टोस्टर असो, घड्याळ असो, कुणाच्या मुलाची सायकल असो. मग एक डोळा मिटून तिच्यातला फिरवता येईल असा स्क्रू शोधायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसला तर तुम्ही सुखी आहात.

त्यांच्या शोकसभेत मराठी मंडळातल्या सगळ्यांनी सांगितलं की काका फार मदत करायचे. मीही तेच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट मी तिथे गिळली, ती इथे लिहितो. मला त्यांचा कंटाळा यायचा. जिन्यात त्यांची पावलं वाजली की मी टीव्हीचा आवाज कमी करून बसायचो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. अमेरिकेतल्या शॉमबर्गला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, मी खाली, ते आणि काकू वर. ते माझे कुणी सख्खे काका नव्हते. एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, आणि घरी आल्यावर उरलेल्या जगाचं क्वालिटी कंट्रोल करायचे. माझ्या फ्रीजमधलं दूध त्यांनी गोठवून दाखवलं होतं. माझ्या गाडीचा कार्बोरेटर त्यांनी "जरा सुधारला", तेव्हापासून ती प्रत्येक सिग्नलला बंद पडायची.

स्क्रू मनासारखा बसला की ते त्यावर खूण करायचे. त्यासाठी काकूंची ओल्या कुंकवाची बाटली त्यांच्या खिशात असे. काकू वैतागायच्या. "अहो, ते कपाळाला लावायचं असतं."

"कपाळ हलत नाही," काका म्हणायचे. "स्क्रू हलतो."

माझ्या ऑफिसातली पोरं तेव्हा शनिवारी पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्यांची लुटुपुटूची लढाई, खेळायला जात. सोमवारी जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसे. कोण झाडामागे लपला, कोणी कोणाच्या पाठीत रंग फोडला. मी एका टोकाला डबा उघडून नुसता हसायचो. दोन वर्षं त्या टेबलावर मी पाहुण्यासारखा बसलो होतो. म्हणून सेक्शन हेडने, म्हणजे लाल मिशांच्या एका उंच माणसाने, "या शनिवारी तूही ये" म्हटलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी जाऊन स्वतःची बंदूक घेऊन आलो. दुकानदार तिला बंदूक म्हणू देईना, मार्कर म्हण म्हणाला. सोड्याच्या बाटलीला लावतात तसली गॅसची छोटी कुपी तिला लागायची, आणि दर गोळीला हाताने दट्ट्या ओढावा लागायचा.

गाडीवर भरवसा नव्हता, कारण वर सांगितलंच. तेव्हा मला मैदानावर सोडायला काका आले. सोडून परत जातील अशी माझी समजूत होती. त्यांनी डिकीतून घडीची खुर्ची काढली, आणि एका जुन्या मोज्यात बांधलेले पानेही काढले.

मैदान म्हणजे मक्याच्या शेतापलीकडची झाडी. दाराशी टेबलावर गोळीचा वेग मोजायचं यंत्र होतं. ठरलेल्या वेगाहून जोरात गोळी गेली तर अंगाला नुसता रंग लागत नाही, चांगलाच मार बसतो, म्हणून प्रत्येकाची बंदूक तिथे तपासायचे. माझी लगेच पास झाली. "कंपनीचं सेटिंग आहे," काका पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिला डाव बरा गेला. शेवटी शेवटी मात्र माझ्या गोळ्या वाटेतच जमिनीवर पडायला लागल्या. हे काकांनी दोरीपलीकडून पाहिलं, आणि मी बाहेर येताच बंदूक काढून घेतली.

"दम नाही हिच्यात."

"काका, कुपी संपत आली असेल. नवीन लावतो."

त्यांनी कुपी कानाशी नेऊन हलवली. "आहे की अजून. फुकट घालवायची?"

अर्धी मेणबत्ती, अर्धी पेन्सिल, हॉटेलातली साखरेची पुडी, काही फुकट घालवायचं नाही हा आपला सगळ्यांचाच धर्म. वेग मोजायच्या टेबलापाशी तेव्हा कोणी नव्हतं. बंदुकीच्या मागे एक स्क्रू असतो, तो आवळला की आतली स्प्रिंग जास्त जोराने ठोका देते आणि गोळीमागे जास्त गॅस सुटतो. काकांनी तो आवळून एक गोळी झाडली. आकडा कमी. आणखी आवळला. तेवढ्यात कुपीतला गॅस आणखी उतरलेला, आकडा पुन्हा कमी. पुन्हा आवळला. ते स्क्रूचा पाठलाग करत होते आणि गॅस त्यांच्यापुढे पळत होता.

इकडे दोन्ही बाजू तयार होऊन उभ्या. सेक्शन हेडने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, पुरे." ते म्हणाले, "पाव फेरा." मी म्हटलं, "काका, सगळे थांबलेत." ते म्हणाले, "थांबू देत. चांगल्या कामाला वेळ लागतो."

शेवटी हवा तो आकडा आला. काकांनी बाटली काढली, बोटाने स्क्रूवर कुंकवाचा ठिपका दिला आणि समाधानाने बंदूक माझ्या हातात ठेवली. त्याच क्षणी कुपी फुस्स करून संपली. मी नवीन लावली आणि धावत आत गेलो.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मेलेल्या गॅससाठी आवळलेल्या स्प्रिंगला आता ताजा गॅस मिळाला होता. समोरच्या झाडाआडून एक लांब पाय दिसला, मी दट्ट्या ओढून गोळी झाडली, आणि लाल मिशांचा माणूस असा ओरडला की पंचाने डाव थांबवला. त्याच्या मांडीवर पोळीएवढा डाग उठला. माझी बंदूक यंत्रापुढे नेली तेव्हा आकडा पाहून पंचाने शीळ घातली. हिला कोणी हात लावला, असं त्याने विचारलं.

मी बुटाकडे बघत राहिलो. काका खुर्चीतून उठून आले. "मी," ते म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी बर्फ लावून बसलेल्या माझ्या साहेबाला स्प्रिंग आणि गॅस यांचा संबंध समजावून सांगितला. सेटिंग बरोबर होतं, गॅसची चूक होती, हे त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घ्यायचा प्रयत्न केला. मला त्या मक्यात शिरून दिसेनासं व्हावंसं वाटत होतं.

सोमवारी सेक्शन हेड लंगडत आला. हसत म्हणाला, पुढच्या वेळी जरूर ये, फक्त अंकलला घरी ठेव.

"ही इज नॉट माय अंकल," मी म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की टेबलावरचे सगळे हसले. त्या दिवसापासून मी टेबलाच्या मध्यावर बसायला लागलो.

काकांना मी सांगितलं की खेळ बंद झाला. बंदूक डिकीत ठेवायचो, बूट मागच्या दाराने आणायचो. बूट चिखलाने भरलेले असत, आणि मागचं दार त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होतं.

पानगळ संपता संपता एका शनिवारी सकाळी माझ्या दाराशी एक खोका होता. गॅसच्या कुपींचा, सीलबंद, कोरा. अर्धी पेन्सिल जपणाऱ्या माणसाने विकत घेतलेला. वर जिन्यात काका रेलिंगला टेकून उभे होते.

"सेट करताना नवीन लावत जा," ते म्हणाले आणि वर गेले. आयुष्यात त्यांनी चूक कबूल केलेली मी ऐकली ती एवढीच. मी आभार मानायला हवे होते. ऑफिसची पोरं बाहेर हॉर्न वाजवत होती.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मंडळी पांगल्यावर काकूंचा फोन आला. "जरा येऊन तो थर्मोस्टॅट वर कर रे. इतकी वर्षं मला स्वेटर घालून संसार करायला लावला त्यांनी."

घराची ऊब ठरवणाऱ्या त्या काट्याच्या वाटेत काकांनी एक स्क्रू बसवून ठेवला होता, कोणी वर नेऊ नये म्हणून. शेजारी कुंकवाचा ठिपका, वाळून तपकिरी झालेला. मी स्क्रू काढला, काटा ठिपक्यापलीकडे नेला. खाली घर तापवणारा फर्नेस धडधडला. काकूंनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, चहा केला. आम्ही बसलो.

"फार होतंय का रे?"

"नाही, बरं वाटतंय."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरासं मागे घे."

मी घेतलं.

"अजून."

काटा ठिपक्याशी आला.

"हां," काकू म्हणाल्या आणि स्वेटर परत अंगात चढवला.