हार्मेनच्या पटावरची ओली सोंगटी

हार्मेन विसिंक हॉलंडातल्या आर्न्हेमला ट्रॉलीबस चालवायचा आणि ऑस्टरबेकला, माझ्या शेजारच्या घरात, थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. दोघंही बिनलग्नाची. तो बडबड्या, आलिडा अबोल. त्यानं तिला "आमच्या महाराणी" म्हणून चिडवावं आणि तिनं कॉफीचा कप जरा जोरात आपटावा, एवढंच त्यांचं भांडण.

हार्मेनला व्यसन एकच, युद्धाचा पट. दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, इंग्रजांचे छत्रीधारी सैनिक इथं उतरले, आर्न्हेमच्या पुलाकडे निघाले आणि बरेचसे आमच्याच गल्ल्यांत कोंडले गेले. त्या लढाईचा खेळ. टेबलभर नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखे खण, शेकडो पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि नियमांचं पुस्तक तर असं किचकट, की निम्मा वेळ आमची जुंपायची. खेळात तो इंग्रज, मी जर्मन. हिवाळ्यात दर रविवारी दुपारी आम्ही बसायचो, आणि एक डाव संपायला मार्च उजाडायचा. तोवर पट बैठकीत तसाच मांडलेला.

नकाशात आमची गल्लीही होती. आपलं घर असलेल्या खणात हार्मेन नेहमी एक इंग्रज तुकडी ठेवायचा. "पाहुणे आलेत रे, बूट पुसून या म्हणावं!" असं म्हणून स्वतःच हसायचा. आलिडा मात्र पट मांडलेला असला की खोलीत यायची नाही. कॉफीचा ट्रे उंबऱ्यावरूनच द्यायची.

एका रविवारी ती सोंगटी पटावर नव्हती. टेबलाखाली, गालिच्याखाली, सगळीकडे शोधली. शेवटी स्वयंपाकघरात, नळाखालच्या मोरीत सापडली. भिजून फुगलेली.

"एव्हर्ट, हरायला लागलास म्हणून माझी माणसं बुडवतोस होय रे?"

"मी गवंडी आहे बाबा. मारायचंच झालं तर विटेनं मारीन."

सोंगटी वाळवून परत ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा मोरीत. त्याच्या पुढच्याही. हार्मेनला वाटलं, आलिडाच करते. इतक्या वर्षांत तिनं ही पहिली गंमत केली, म्हणून तो बिचारा खूशच होता.

मग आलिडा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात गेली. हार्मेननं बैठकीला कुलूप लावलं, किल्ली बसच्या गणवेशाच्या खिशात. दोनच दिवसांनी भर दुपारी तो माझ्या दारात उभा. चेहरा पांढराफटक. तळहातावर ती ओली सोंगटी.

"कुलूप तसंच होतं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी चिडवाचिडवी झाली नाही.

आलिडा घरी आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. मी तिथंच होतो. तिनं विचारलं, "कुठली?" त्यानं दाखवली. ती पहिल्यांदाच पटाजवळ आली आणि खुर्चीत बसली.

"तू जन्मलाही नव्हतास," ती म्हणाली. "आम्ही तळघरात होतो. कोळसा टाकायच्या झरोक्याशी एक इंग्रज शिपाई येऊन पडला. पाणी मागत होता. शब्द त्यांचाही तोच, आपलाही तोच. वॉटर. कळलं नाही असं तरी कसं म्हणणार? आमच्याकडे एक बादली होती. शेजारची तान्ही पोरं होती. मी उठले तर आईनं तोंडावर हात ठेवला."

"मग?"

"मग तो बरंच मागत राहिला. नंतर गप्प झाला. लढाईनंतर जर्मनांनी सगळं गाव रिकामं करायला लावलं; परत आल्यावर बाबांनी झरोका बुजवला. म्हणाले, थंडी येते."

हार्मेन माझ्याकडे वळून म्हणाला, "अवजारं घेऊन ये."

मी तळघरातून एकेक वीट काढली. त्यांच्या बापानं चुना हात सैल सोडून भरला होता, पहार लावावी लागली. शेवटची वीट निघाली तशी झरोक्यातून उबदार वाफ आली, कुणी तोंडाशी श्वास सोडावा तशी. बाहेर बागेत तर बर्फ होतं. मी मागे सरलो. आलिडा सरली नाही. तिनं एनॅमलचा जग काठोकाठ भरून झरोक्याच्या कट्ट्यावर ठेवला, दांडा आपल्याकडे करून. "घ्या," म्हणाली, आणि आम्ही वर आलो.

तासाभरानं खाली गेलो. जग रिकामा.

"मांजर प्यायलं असेल," हार्मेन म्हणाला.

"दांडा बाहेरच्या बाजूला कुणी फिरवला मग? मांजरानं?" आलिडानं विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट ती थोडी हसली. मी मात्र जिन्याच्या दोन पायऱ्या मागे चढलो होतो, हे कबूल.

सोंगटी पुन्हा कधी हलली नाही. पण हार्मेनचा खेळ बदलला. पूल त्यानं सोडूनच दिला. फासे टाकायचा ते फक्त आपली माणसं नदीपार, त्यांच्या सैन्याच्या काठावर, सुखरूप न्यायला. मी म्हणायचो, "अरे, अशानं दर वर्षी हरशील." तो म्हणायचा, "हरू दे की."

आलिडा आता विणकाम घेऊन शेजारी बसायची. नियम तिला शेवटपर्यंत कळले नाहीत. हार्मेन एकेक तुकडी पाण्यापलीकडे सरकवायचा, आणि ती सुया थांबवून विचारायची, "आणखी कोण राहिलंय रे अलीकडे?"