जुनी बॅटरी

देवळाली कॅम्पात ललितशेठच्या बॅटरीच्या दुकानात मीना नऊ वर्षं कामाला होती. २००६ सालच्या लोडशेडिंगमध्ये शेठने तिला झुंबरबाईंच्या शिवणक्लासला पाठवलं. इन्व्हर्टरला एक बॅटरी पुरत नव्हती, दुसरी जोडायची होती.

"शेठ, दुसरी चार वर्षं वापरलेली आहे. जुनी नवीला खाते, दोन्ही तापतील."

"शहाणपणा नको. जोड."

तिने जोडली. आठवड्याभरात जुनी फुटली आणि ॲसिडने झुंबरबाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. शेठने भर बाजारात सांगितलं, "या बाईने वायरी उलट्या जोडल्या!" आणि तिला काढून टाकलं.

मीना इंदिरानगरात स्वतःची कामं घेऊ लागली. आपल्या हातून ते झालं, हे तिला डाचायचंच. पण शेठचं नाव निघालं की ती दात-ओठ खायची.

दोन वर्षांनी तृप्ती नावाच्या दातांच्या डॉक्टरणीने तिला बोलावलं. दवाखान्याचं उद्घाटन होतं, वीज अकराला जाणार होती. मीना पोचली तर पाहुण्यांच्या स्वागताला दारात ललितशेठ! मीना गेल्यावर घरात आलेली तृप्ती त्यांची सून होती; दुकानातला माणूस ऐनवेळी आला नाही म्हणून तिने मीनाला बोलावलं होतं.

इन्व्हर्टरजवळ दोन बॅटऱ्या होत्या, एक नवी, एक जुनी. मीनाने मीटर लावला आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, "शेठ, इथेही जुनी जोडू का? झुंबरबाईंकडे जोडायला लावली होतीत, तशी?"

पाहुणे वळून बघू लागले.

"हळू बोल," शेठ पुटपुटले.

"बाजारात तुम्ही हळू बोलला होतात?"

"बाबा, हे खरं आहे?" तृप्तीने विचारलं.

शेठ म्हणाले, "हो. तिने नको म्हटलं होतं. मीच लावलं जोडायला."

मग मीनाने नव्या बॅटरीसारखीच दुसरी कोरी बॅटरी मागवली. ती आल्यावर शेठच्या हातात टॉर्च दिली. "नीट धरा, शिकून घ्या. दोन्हींचं व्होल्टेज सारखं हवं. प्लसला प्लस, मायनसला मायनस, वायरी सारख्याच लांबीच्या. इन्व्हर्टरचा प्लस या बॅटरीवरून, मायनस त्या बॅटरीवरून. मध्ये फ्यूज. आणि बॅटरीचा गॅस बाहेर जायला ही खिडकी कायम उघडी."

तिने प्रत्येक नट सावकाश आवळला.

पुढच्या रविवारी तृप्ती सासऱ्यांना झुंबरबाईंकडे घेऊन गेली. झुंबरबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. हे कळलं तेव्हा मीना पोटभर हसली.

"आता तरी माफ केलंस ना?" शेजारच्या सुलाबाईंनी विचारलं.

"नाही," मीना म्हणाली, "पण आता जेवण गोड लागतं."