एकता बागेखालची गल्ली

अदिस अबाबाच्या त्या गल्लीत अस्कालेचला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. जिम्माकडच्या कॉफीच्या मळ्यांतून ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथे आली आणि नवऱ्यामागे गल्लीत कॉफी विकूनच तिने दोन मुली उजवल्या. नवरा गेब्रेयेस सरकारी ड्रायव्हर. आफ्रिकेतल्या सगळ्या देशांची परिषद याच शहरात भरते, तेव्हा पाहुण्या पुढाऱ्यांना विमानतळावरून आणायचं काम त्याच्याकडे. दर वर्षी घरी येऊन सांगायचा, "अस्कू, या खेपेला आफ्रिका एक होणार बघ. मागच्या सीटवर तेच बोलत होते." तीस वर्षं त्याने पुढारी आणले आणि परत पोचवले. बिचारा त्या आशेवरच गेला.

एकता बघायची तर ती गल्लीत बघावी. अम्हारा, ओरोमो, गुरागे, तिग्रे अशा जमातींची माणसं, एक सोमाली शिंपी, सगळे भिंतीला भिंत लावून राहत. सगळ्यांची मिळून एक इद्दिर होती. घरटी वर्गणी द्यायची आणि कुणी गेलं की मांडव, बाकं, जेवण, खांदेकरी, सगळं इद्दिरने बघायचं. मुसलमानाच्या मयताला ख्रिस्ती राबायचे, ख्रिस्त्याच्या मयताला मुसलमान. यावर कुणी कधी भाषण ठोकलं नाही.

मग नोटीस आली. गल्ली पाडून तिथे ‘आफ्रिका एकता बाग’ होणार होती. कर्ज युरोपातून, नकाशा युरोपातून, नाव तेवढं आपलं. गल्लीतल्या लोकांना शहराबाहेर खोल्या मिळणार होत्या, पण चिठ्ठ्या टाकून, एक पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला. एकतेच्या बागेसाठी माणसं पांगवायची ही अक्कल ज्याला सुचली, त्याला परिषदेने खरं तर पदक द्यायला हवं.

लोक तरी किती गरीब! बाग नको असं कुणी म्हटलंच नाही. "पाडायचं तर पाडा, पण आम्हांला एका जागी ठेवा. आमची इद्दिर मोडू नका." एवढाच अर्ज. खाली एक्केचाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे. चार कचेऱ्या फिरून अर्ज परत आला, कुणी हातात धरेना.

अशात एके सकाळी परिषदेच्या स्वागत खात्यातला अंदुआलेम अस्कालेचच्या दारात उभा राहिला आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं ‘एमामा’ म्हणत बोलू लागला.

"एमामा, पाहुण्यांना आपली परंपरा दाखवायची आहे. पांढरा झगा, जमिनीवर हिरवं गवत, धूप, लाह्या, सगळं झकास पाहिजे."

"आणि कॉफी? ती पण पाहिजे का?" अस्कालेचने विचारलं.

तो हसला आणि जाता जाता सांगून गेला की बागेचं काम बघणारे मंत्री स्वतः येणार आहेत. गल्लीला वाटलं, देव पावला. इद्दिरची अध्यक्ष ब्रेतुकान तिची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिने अर्जाची घडी अस्कालेचच्या कमरपट्ट्यात खोचली. "तोंड उघड म्हणजे झालं. एरवी मला एक शब्द बोलू देत नाहीस!"

त्या संध्याकाळी सभागृहात एका राष्ट्राध्यक्षांचं भाषण चाललं होतं. पश्चिमेपुढे हात पसरणं आता पुरे, आफ्रिकेने एका चुलीवर रांधलं पाहिजे, असं ते फ्रेंचमध्ये सांगत होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्कालेचने बिया भाजल्या, धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवून आणला, कुटून मातीच्या भांड्यात उकळल्या आणि पहिला फेरा ओतला. कॅमेरे आले तसे मंत्री येऊन तिच्याशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसले.

"एमामा, आईच्या हातची आठवण झाली," कप ओठाला लावत ते म्हणाले. "गल्लीतून आलात ना तुम्ही? काही अडचण असेल तर सांगा. संकोच करू नका."

मंत्र्यांनी स्वतःहून विचारलं! आणि अस्कालेच काय म्हणाली?

"आधी कॉफी घ्या, मंत्रीसाहेब. बरकाच्या कपाला सांगते."

आता हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. पण तिच्या गल्लीत कॉफीचे तीन फेरे. पहिला तोंडओळखीचा, दुसरा गप्पांचा आणि तिसरा बरकाचा, म्हणजे आशीर्वादाचा. भाऊबंदकी मिटवायची, मुलगी मागायची, उसनवार करायची ती तिसऱ्या कपावर. त्याआधी मागणं काढणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्याच्या आधी उठणारा मुळी माणूसच नव्हे. आईची आठवण काढणाऱ्याला एवढं ठाऊक असेल, असं ती धरून चालली.

तिने भांड्यात पाणी घालून ते पुन्हा निखाऱ्यावर ठेवलं. दुसरा फेरा उकळायच्या आत दार उघडलं आणि कर्ज देणाऱ्या देशाचा राजदूत आत आला. मंत्री ताडकन उठले. पश्चिमेपुढे हात पसरणं पुरे म्हणणारे राष्ट्राध्यक्ष त्यांच्याही आधी उठले होते.

"मंत्रीसाहेब!" अस्कालेच कमरेचा कागद काढत धडपडली.

अंदुआलेमने तिचा दंड धरला. "एमामा, काय करताय? परक्यांसमोर आपली लाज काढू नका. बसा तिथेच."

ती बसली. सगळे आतल्या दालनात जेवायला गेले. तिने दुसरा फेरा ओतला, मग तिसराही ओतला. राहवलं नसेल तिला. येतील परत, असंही वाटलं असेल. कप भरलेले तसेच गार झाले, आणि झाडूवाल्यांनी पायाखालचं गवत गोळा करायला घेतलं.

गल्ली जागी होती. अस्कालेचने झालं ते सांगितलं.

"त्याने विचारलं?" ब्रेतुकान किंचाळली. "स्वतःहून विचारलं, आणि तू रीत पाळत बसलीस? अख्खी गल्ली तुझ्या कमरेला होती गं!"

मंत्र्याला कोणी बोललं नाही. मंत्र्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. शिव्या सगळ्या अस्कालेचच्या वाट्याला आल्या, आणि पुढे महिनाभर तिच्या दारी कॉफीला कुणी फिरकलं नाही.

चौथ्या महिन्यात यंत्रं आली. चिठ्ठ्यांत ब्रेतुकानला उत्तरेचं टोक मिळालं आणि अस्कालेचला दक्षिणेचं. मधे तीन बस. इद्दिर आपोआप मोडली. नव्या इमारतींत शेजारी दार लावून राहायचे. या दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

पुढच्या पावसाळ्यात कुणाकडून तरी अस्कालेचला कळलं की ब्रेतुकान गेली. तीन बस बदलून ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. मांडव नाही, बाकं नाहीत. जिन्यात पाच-सात चपलांचे जोड. ब्रेतुकानची मुलगी दाराशी आली.

"खांदा कुणी दिला गं?"

"भाड्याने माणसं आणली, एमामा. इथे कोण ओळखतंय आम्हांला?"

एक्केचाळीस घरांची मयतं जिने मानाने काढली, तिला खांदा भाड्याचा. अस्कालेच पायरीवरच बसली. "माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

मुलीने "नाही हो" म्हटलं नाही.