ग्रहणाचं सूप

ग्रहण सुटलं आणि सुदामा नगरातल्या आपल्या दारात सरांच्या आईंनी माझ्यापुढे सूप धरलं. सुपात गहू. वर त्यांचीच एक विटकी साडी.

"घे ना बेटा. ग्रहणाचं दान तुमच्या लोकांनाच द्यायचं असतं. आजकल कोणी येतच नाही."

माझ्या हातात लॅपटॉप होता. त्यात सकाळचे सगळे वर्णपट. सर माझे पीएचडीचे गाइड. सूर्यावरच्या डागांचं चुंबकीय क्षेत्र मोजणं हा माझा विषय. सूर्यप्रकाशाचा पट्टा पसरला की त्यात लोहाची एक काळी रेघ दिसते. डागावर ती फाटते, एकीच्या तीन होतात. त्यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकं क्षेत्र जबर. सरांनीच शिकवलं मला हे.

त्याच सरांनी सकाळी कॉलेजच्या गच्चीवर माईक धरून पोरांना सांगितलं होतं, "ग्रहण मतलब सावली. बस." मग ग्रहण सुटायच्या आधीच घाईघाईने घरी निघाले. मला म्हणाले, रीडिंग संपव आणि घरी घेऊन ये. आता आईंच्या मागे उभे होते. केस ओले, कमरेला सोवळं. घराच्या उंबऱ्यावर माणूसही फाटतो. शिसारी आली मला. आईंपेक्षा सरांचीच जास्त.

"रख ले यार," ते म्हणाले. "आईचं मन राहील. सोमवारी थीसिसवर सही हवी ना तुला?"

हसत म्हणाले. किळस त्या हसण्याची.

माझी आजी ग्रहण सुटलं की "दे दान, सुटे गिराण" ओरडत गावभर फिरायची. त्या गव्हाच्या भाकरीवर माझा बाप वाढला. सरांच्या घरात माझा चहाचा कप वेगळा आहे, कान तुटलेला. तेही गिळत आले होते. आज मात्र गिळणार नव्हते.

मी सुपाला हात लावला नाही. मी म्हणाले, "आई, हे तुमचं तुमच्याकडे ठेवा. सर, सही मी माझ्या कामावर मागतेय. दानात नको."

"अरे, इतना क्या बुरा मानना?" सर म्हणाले.

मी पायऱ्या उतरले. रीडिंग माझ्याजवळच राहिलं.

सोमवारी थीसिस सरांच्या टेबलावर ठेवणार. सही मागणार, मान वर करून. अडवली तर युनिव्हर्सिटीला लेखी देणार, त्या कपासकट, त्या सुपासकट. सही मिळो न मिळो, माझ्या घरात दानाचा गहू आता दळला जाणार नाही.