आई आणि करार

बाबा गेल्यावर मी आईला बार्शीटाकळीहून अमरावतीला आणलं. इथं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालकीण उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची. कागद करताना वकिलानं वाचून दाखवलं, अकरा महिन्यांचा भाडेकरार. आईच्या मनात त्यातला एकच शब्द जाऊन बसला.

त्याला कारण होतं. माझा धाकटा भाऊ अकोल्यात करारावर नोकरीला होता. एके दिवशी त्याला करार संपला, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून आईच्या लेखी करार म्हणजे हाकलून द्यायची आधीच ठरलेली तारीख. अमरावतीत ती पाहुण्यासारखी राहिली. भिंतीत खिळा ठोकू देईना, शेजारणींशी ओळख वाढवेना. असा कागद दरवर्षी नवा होतो, हे मी तिला पुष्कळदा समजावलं. ती ऐकून घ्यायची, बस.

मुदत भरत आली तसं तिचं जेवण कमी झालं. शेवटी ती एकटीच आपांकडे गेली. मी मागोमाग पोचले तेव्हा ती विचारत होती, "करार संपला म्हणजे आमाले निघा लागते ना?"

आपांनी तिला जवळ बसवलं. हा शब्द मूळचा अरबी, त्या सांगू लागल्या. थांबणं, स्थिर होणं हा त्याचा अर्थ. दोघांचं बोलणं एका जागी ठरलं की तो करार. उर्दूत तर जीव शांत झाला तरी करार आला म्हणतात, आणि तो नसला की माणूस बेकरार.

बेकरार आईला सिनेमाच्या गाण्यांतून ठाऊक होता. ती म्हणाली, "मंग तं मीच बेकरार होती."

आपा हसल्या. "कागद नवा करू ताई. तुमी जाऊ नका, मले सोबत पायजे."

घरी येऊन आई पोटभर जेवली आणि दुपारी गाढ झोपली. उठल्यावर तिनं भावाला फोन लावून गावाकडचा पाटा-वरवंटा मागवला. तो बिचारा एवढं ओझं एसटीतून कुरकुरत घेऊन आला. आईनं पाटा धुतला, लसूण-मिरचीचा ठेचा वाटला आणि पहिली वाटी आपांकडे पाठवली.